चोवीस पिक्सेलची पट्टी

करडखोप नगरपंचायतीची पाण्याची टाकी एका गुरुवारी दुपारी चार चाळीसला भरून वाहिली. पाणी भर आठवडी बाजारातून खाली उतरलं, वाटेत तीन पाट्या मेथी आणि एक डाव्या पायाची चप्पल घेऊन नगरपंचायतीच्या पायऱ्या चढलं, आणि त्याला कारणीभूत मी होतो.

असं काहीही घडलेलं नाही. कार्यालयाच्या दप्तरात तशी नोंद नाही, आणि दप्तरात नोंद नसलेली गोष्ट घडत नाही, हे मी त्याच कार्यालयात शिकलो. तेव्हा जे घडलं नाही ते कसकसं घडलं नाही, एवढंच सांगतो.

त्या आठवड्यातल्या सोमवारी सकाळी मुख्याधिकारी हिरेमठ मॅडम माझ्या खुर्चीमागे येऊन उभ्या राहिल्या. हातात एक फाईल होती. स्क्रीनकडे बराच वेळ बघून त्या म्हणाल्या, "मुलाणी, हा गेला का?"

"नाही मॅडम. चालू आहे."

"मग काही दिसत का नाही?"

"सांगितल्याशिवाय दाखवत नाही."

मॅडमनी हे वाक्य मनातल्या मनात एकदा तपासलं असावं.

या गोष्टीला आठ वर्षं झाली. मी तेव्हा बावीस वर्षांचा होतो आणि कंत्राटी संगणक चालक होतो. करडखोप तोवर ग्रामपंचायत होती, ती वर्षभरापूर्वी नगरपंचायत झाली, म्हणजे पाटी बदलली. कॉम्प्युटर ग्रामपंचायतीच्या काळातलाच राहिला. सकाळी बटण दाबून मी चहाला जायचो, चहा पिऊन यायचो, तरी तो 'स्वागत आहे' म्हणत गोल फिरतच असायचा. शेवटी एका रविवारी मी त्यातलं सगळं पुसलं आणि विंडोजच्या जागी लिनक्स टाकलं. तेही साधं नाही. त्यात खिडक्या एकमेकींवर चढत नाहीत. एक उघडली तर अख्खा स्क्रीन तिचा. दुसरी आली की निम्मा-निम्मा. तिसरी आली की पुन्हा वाटणी. भावकीसारखंच, फक्त कोर्टात जात नाहीत. आणि एकही खिडकी उघडी नसेल तर स्क्रीन काळा. चित्रं नाहीत, फोल्डर नाहीत, कोपऱ्यात बटण नाही. कॉम्प्युटर सोळा सेकंदांत चालू होत होता आणि कार्यालयातल्या एकूण एक माणसाला तो बंद वाटत होता. आस्थापनेच्या जाधव बाईंनी तर न बोलता ओल्या फडक्याने मॉनिटर पुसून दिला.

काळ्या स्क्रीनकडे बघून शहाणा प्रश्न विचारणारा माणूस एकच निघाला. सर्जेतात्या.

सर्जेराव दौलू खोत हे आमचे व्हॉल्व्हमन. वय त्रेपन्न, रोजंदारीवर एकोणीस वर्षं. खांद्यावर चार फुटी लोखंडी चावी, जिने रस्त्याखालचे व्हॉल्व्ह फिरवायचे. ती चावी घेऊनच ते सगळीकडे जायचे, बँकेतसुद्धा. बँकेत लवकर काम होतं म्हणायचे. तर तात्या माझ्या टेबलापाशी आले, स्क्रीनच्या एवढ्या सगळ्या काळोखात वाकून बघितलं आणि म्हणाले, "मग ह्यात काय दिसाया पायजे?"

मी खुर्चीत सरळ बसलो. कारण खरा प्रश्न तोच होता. मी त्यांना वरच्या कडेला एक बारीक पट्टी दाखवली, स्क्रीनभर लांब आणि चोवीस पिक्सेल उंच, म्हणजे करंगळीच्या नखापेक्षाही कमी. या पट्टीचं वैशिष्ट्य असं की ती कोरी मिळते. एका फाईलमध्ये आपण ओळी लिहायच्या: इथे वेळ दाखव, इथे नेट आहे का ते दाखव, दर मिनिटाला अमुक विचार, उत्तर आलं की लिही, उत्तर वाईट असेल तर लाल कर. आपण जे विचारू तेच ती सांगते. न विचारलेलं काही सांगत नाही. मी तोवर फक्त वेळ घातली होती, आणि तीही पाच मिनिटं पुढे होती.

"म्हंजे रिकामीच हाय," तात्या म्हणाले.

"सध्या."

"मोकळी जागा दिसली की माणसं टपरी टाकत्यात. बघ लवकर." आणि चावी उचलून गेले.

मॅडम त्या सोमवारी आल्या होत्या त्या फाईलसाठी. गुरुवारी विभागाचे साहेब तपासणीला यायचे होते. नगरपंचायत झाल्यावर कुठली पदं ठेवायची, कुठली नाही याचा नवीन तक्ता मंजूर होणार होता, आणि जुन्या सात रोजंदारी माणसांची यादी साहेबांच्या हातात द्यायची होती. नाव, वय, सेवा, कामाचे स्वरूप. मला ती टाईप करायची होती. सहा जणांचे रकाने भरलेले होते. सातव्या ओळीत खोत सर्जेराव दौलू, त्रेपन्न, एकोणीस, आणि शेवटचा रकाना कोरा.

"मॅडम, हे राहिलंय," मी म्हणालो.

"राहिलेलं नाही. सुचलेलं नाही." मॅडम खुर्ची ओढून बसल्या. त्या वाईट बाई नव्हत्या. त्यांच्याकडे फक्त रकाने होते. "मी कुणाला काढायला बसलेली नाही, मुलाणी. पण साहेब विचारणार, हा माणूस करतो काय? व्हॉल्व्ह फिरवतो म्हणून सांगितलं तर म्हणतील, त्याला दिवसाला चाळीस मिनिटं लागतात, शिपायाला सांगा. बाकीचा वेळ हा माणूस टाकीपाशी उभा असतो. उभा राहणे हे कामाचं स्वरूप होत नाही."

"आणि रकाना कोराच राहिला तर?"

"तर गुरुवारनंतर ओळ राहणार नाही."

मी त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत टाकीवर गेलो. तात्या पायरीवर बसून भाकरी खात होते. मी त्यांना यादीचं सांगितलं नाही. ते त्यांना माझ्या आधी माहीत होतं, कारण शिपायाला माहीत होतं. मी फक्त विचारलं की टाकीत पाणी किती आहे हे तुम्हाला कळतं कसं.

"बघून."

"कुठे बघून?"

त्यांनी भाकरीचा हात वर केला. टाकीच्या अंगावर वरून खालपर्यंत एक पांढरी उभी पट्टी रंगवलेली होती. तिच्यावर आकडे, खाली एक, वर बारा. आणि पट्टीवरून सरकणारा एक लोखंडी काटा, दोरीला लटकलेला. माझं घर स्टँडपलीकडच्या नव्या वस्तीत, तिथे बोअरचं पाणी. त्यामुळे या टाकीशी माझा संबंध पत्ता सांगण्यापुरता: टाकीपासून डावीकडे. मी ती पट्टी जन्मभर बघत होतो आणि त्या दिवशी पहिल्यांदा वाचली.

"तुझ्यासारखीच हाय पट्टी," तात्या म्हणाले. "फकस्त उभी."

मला तिथेच सुचलं. माझा एक जुना फोन होता, तो वायरने कॉम्प्युटरला जोडायचा. तात्यांनी त्यांच्या बटणांच्या फोनवरून त्यावर आकडा पाठवायचा. शब्द नको, नुसता आकडा. माझी पट्टी दर मिनिटाला शेवटचा आलेला मेसेज वाचेल आणि लिहील. साहेब येतील, स्क्रीनवर टाकीचं पाणी बघतील, विचारतील हे कुठून येतं, आणि मॅडमना रकाना भरायला काहीतरी मिळेल.

तात्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "आन् दिलप्याला?"

दिलीप नदीवर जॅकवेलला असायचा, पंप चालू-बंद करायला. टाकी भरत आली की तात्या त्याला फोन करायचे, तो पंप बंद करायचा. एकोणीस वर्षं हे असंच चाललं होतं. म्हणजे फोन यायच्या आधी तात्या सायकलवरून जायचे.

मी म्हणालो, "आता फोन करायचा नाही तात्या. आकडा पाठवला की तुमचं काम संपलं. पुढचं कॉम्प्युटर बघेल."

हे वाक्य दप्तरात नाही. पण मी बोललो.

सोमवारची संध्याकाळ आणि मंगळवारची सकाळ मी ती ओळ लिहिण्यात घालवली. नऊच्या वर आकडा असेल तर हिरवा. तीनच्या खाली गेला तर लाल, आणि लुकलुकणारा. शिवाय एक सोय केली, जिचा मला फार अभिमान होता: त्या आकड्यावर माउसने टिचकी मारली की दिलीपला आपोआप मेसेज जायचा, 'पंप चालू करा'. 'पंप बंद करा'ची सोय मी नंतरवर ठेवली. आमच्या गावाला दिवसाआड पाणी, आज अर्ध्या गावाला, उद्या उरलेल्या अर्ध्याला. पाणी जास्त झालं अशी तक्रार करडखोपमध्ये आजवर कुणी केलेली नव्हती.

मंगळवार-बुधवार नुसती चाचणी ठरली: दहाचा एकच आकडा, आणि दिलीपला फोन नेहमीसारखा; फोन बंद गुरुवारपासून. मंगळवारी सकाळी दहाला पट्टीवर पहिला आकडा उमटला. टाकी: ११. हिरवागार. बुधवारी दहाला पुन्हा ११, पुन्हा हिरवा. मॅडम स्वतः बघून गेल्या. जाधव बाईंनी कॉम्प्युटर दुरुस्त झाल्याबद्दल माझं अभिनंदन केलं. बुधवारी तात्याही येऊन उभे राहिले.

"हिरवं म्हंजे?"

"सगळं ठीक."

"दहाला?"

"दहाला."

त्यांनी थोडा विचार केला, मान डोलावली आणि म्हणाले, "बराबर हाय की मग." त्यांच्या आवाजात कौतुक होतं. मला ते कॉम्प्युटरचं वाटलं.

गुरुवारी साहेब बाराला यायचे होते ते सव्वाचारला आले. बारीक चणीचे, चष्मा कपाळावर ठेवून वाचणारे. मागून फायलींचा गठ्ठा घेऊन ड्रायव्हर. चहा, बिस्किटं, स्वागताचा नारळ झाल्यावर मॅडम त्यांना सहज आणल्यासारख्या माझ्या टेबलाकडे घेऊन आल्या. यादी माझ्याच टेबलावर होती, सातव्या ओळीचा रकाना अजून कोरा.

मी खिडक्या मुद्दाम बंद ठेवल्या होत्या, म्हणजे काळ्या स्क्रीनवर पट्टी तेवढी उठून दिसावी. दिसत होती. टाकी: २. लाल. लुकलुकत होती.

"हे काय?" साहेब म्हणाले.

"पाण्याची पातळी, सर. लाईव्ह," मॅडम म्हणाल्या. लाईव्ह हा शब्द त्यांनी बुधवारी माझ्याकडून घेतला होता.

"कमी दिसतेय."

"हो सर. ती लगेच भरूनही घेता येते." आणि माझ्या खांद्यावरून हात घालून मॅडमनी स्वतः माउस पकडला आणि लाल आकड्यावर टिचकी मारली. मी त्यांना शिकवलेलं नव्हतं. बघून शिकल्या होत्या.

आम्ही तिघं पट्टीकडे बघत उभे राहिलो. मिनिटभराने आकडा गेला आणि त्याजागी नवीन मजकूर आला. टाकी: चालूच हाय दुसराबी टाकतो.

मी पट्टीला शेवटचा मेसेज दाखव असं सांगितलं होतं. कुणाचा ते सांगितलं नव्हतं.

"हे लाईव्हच आहे," साहेब म्हणाले.

त्यानंतर आला १. लाल. पुन्हा १. मॅडमनी पुन्हा टिचकी मारली. पुन्हा १. साहेबांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला आणि म्हणाले की पंप दोन चालू आहेत आणि पाणी कमीच होतंय, तर मधे गळती असणार, ती कुणी शोधतं का? मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मी पट्टीकडे बघितलं. पट्टी वेळ दाखवत होती, चार त्रेचाळीस. ती पाच मिनिटं पुढे होती.

मग बाजारातून आवाज आला. पहिल्यांदा मला भांडण वाटलं. पण भांडणात हसत नाहीत.

खिडकीतून टाकी दिसायची. तिचा ओव्हरफ्लोचा पाईप कधीच गंजून पडला होता, त्यामुळे पाणी वरच्या कठड्यावरून सगळ्या बाजूंनी पडद्यासारखं खाली येत होतं. बाजारातल्या बायकांनी पिशव्यांतली भाजी शेजारणीकडे देऊन मिळेल ती भांडी लावली होती. भांडेवाल्याच्या दुकानातली तर नवी कोरी. एकजण टाकीखाली मोटारसायकल धूत होता. एका म्हाताऱ्याने सदरा काढून, नीट घडी करून बाजाराच्या कठड्यावर ठेवला आणि आंघोळीला बसला. बाकीचं पाणी उतारावरून आमच्याकडे येत होतं, आणि त्याच्या पुढे मेथी.

साहेबांनी हे सगळं शांतपणे बघितलं. मग मागे वळून, स्क्रीनवरचा लाल १ बघितला. मग पुन्हा खिडकी.

"हे काय आहे?"

मला तेवढ्यात सगळं कळलं होतं असं नाही, पण एवढं कळलं की फोनमध्ये तात्यांचे मेसेज आहेत, एकापाठोपाठ एक, १, १, १, आणि टाकी भरून वाहतेय, आणि आता कुणीही ते मेसेज उघडले तर त्याला दिसेल की टाकीवरच्या माणसाला भरलेली टाकी आणि रिकामी टाकी यातला फरक कळत नाही. सातवी ओळ खोडायला एवढं पुरे होतं.

मी उभा राहिलो. म्हणालो, "साहेब, चूक–"

दारात धाडकन आवाज झाला. तात्या आत आले होते, नखशिखांत भिजलेले, आणि त्यांच्या हातून चावी फरशीवर पडली होती. एकोणीस वर्षांत ती कुणी पडलेली बघितली नव्हती. एक फरशी फुटली. ती अजून तशीच आहे.

"तुम्ही कोण?" साहेबांनी विचारलं.

"सर्जेराव दौलू खोत. टाकीवर असतो."

"तिथे काय चाललंय?"

तात्यांनी वाकून चावी उचलली, खांद्यावर ठेवली आणि मग सावकाश उत्तर दिलं. "टाकी धुतोय, साहेब. काठापत्तूर भरून वरनं सोडली, म्हंजे कडंचं शेवाळ निघतं. आता खालनं सोडायची. चार वर्सं धुतली न्हवती."

"नियम सहा महिन्यांचा आहे."

"व्हय. म्हणून तर."

"आज? बाजाराच्या दिवशी?"

"सांडायचंच हाय तर लोकांनी भांडी तरी भरावीत. इतर दिवशी गटारात जातं."

साहेबांनी खिडकीतून पुन्हा बाहेर बघितलं. म्हाताऱ्याने आता डोक्याला साबण लावला होता.

"कुणाच्या आदेशाने?"

पाणी तोवर दारातून आत आलं होतं आणि टेबलाखाली पसरत होतं. हिरेमठ मॅडमनी एक पाय किंचित वर घेतला, तात्यांकडे बघितलं, मग टेबलावरच्या यादीकडे, मग ज्या बोटाने टिचकी मारली होती त्या बोटाकडे.

"माझ्या," त्या म्हणाल्या. "तोंडी आदेश होता, सर."

"तोंडी चालत नाही. लेखी करा. टाकी स्वच्छता व चाचणी, तारीख, वेळ, आणि ती करणाऱ्या कर्मचाऱ्याचं पदनाम टाका. पदनाम नसेल तर अहवाल अपूर्ण धरला जाईल." साहेबांनी यादी उचलली, सातवी ओळ बघितली आणि परत ठेवली. "ही यादी पण पूर्ण करून पाठवा. सोमवारपर्यंत." आणि पँट दोन बोटं वर धरून, मेथी ओलांडून गाडीकडे गेले.

गाडी गेल्यावर मी मॅडमना म्हणालो, "मॅडम, चूक माझी होती."

"कुठली चूक?"

"पाण्याची."

"कुठलं पाणी?" मॅडम म्हणाल्या. त्यांची चप्पल माझ्या खुर्चीपाशी तरंगत आली होती. मी ती उचलून दिली. त्यांनी ती घातली. "ऐकलं नाही का तुम्ही? टाकी धुतली. कुणीतरी वेळेवर काम केलं की तुम्हा लोकांना ते चूकच वाटतं."

संध्याकाळी मी टाकीवर गेलो. तात्या पायरीवर बनियनवर बसले होते, सदरा वाळत होता. टाकीखालची जमीन इतकी स्वच्छ मी कधी बघितली नव्हती. मी म्हणालो की मी साहेबांना खरं सांगणार होतो.

"दिसलं ते. म्हणून तर चावी टाकली."

"तुम्ही एक का पाठवत होता, तात्या?"

"एकावर हुता काटा."

"टाकी भरलेली असताना?"

तात्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं कार्यालय माझ्या स्क्रीनकडे बघायचं. मग उठले, मला हाताला धरून पट्टीखाली नेलं आणि दोरी दाखवली. दोरी काट्यापासून वर जात होती, टाकीच्या काठावरच्या कप्पीवरून आत उतरत होती, आणि तिच्या आतल्या टोकाला पाण्यावर तरंगणारा डबा. पाणी चढलं की डबा चढतो. डबा चढला की बाहेरचा काटा उतरतो. टाकी काठोकाठ म्हणजे काटा एकावर. टाकी कोरडी म्हणजे बारा.

"मग आकडे उलटे आहेत," मी म्हणालो.

"उलटं कुठं? सरळच हायेत. समद्या गावाला ठावं हाय."

"मला नव्हतं."

"तुला बोअरचं पाणी."

मी तिथेच खाली बसलो. मंगळवारी दहाला अकरा, बुधवारी दहाला अकरा. सकाळी सहा ते नऊ गावाला पाणी सुटायचं, दहाला टाकी रिकामी असायची, आणि मी ती हिरवीगार दाखवली होती. "पण तात्या, बुधवारी तुम्ही हिरवा रंग बघितलात. मी म्हणालो, सगळं ठीक. तुम्ही 'बराबर हाय' म्हणालात."

"व्हय मग. सकाळी धाला टाकी रिकामी म्हंजे गावाला पाणी पोचलं. ठीकच की." तात्या सदरा उलटा करून वाळत घालायला लागले. "मला वाटलं, ह्या पोराच्या मशिनला बी कळतंय."

मी म्हणालो की सोपं आहे, तेरातून आकडा वजा करायचा, एकाचे बारा होतील, बाराचा एक, उद्या सकाळी करून टाकतो.

तात्या नाही म्हणाले. आकड्याला हात लावायचा नाही. पट्टीवर एक दिसला तर टाकीवरही एकच दिसला पाहिजे, नाहीतर उद्या दोन पट्ट्या दोन गोष्टी सांगतील आणि मधे दिलप्या मरेल. "रंग काय बदलायचा त्यो तुझा बदल," ते म्हणाले. "आन् एक इचारू का? मी तीनदा एक पाठवला. आता हो म्हण, न्हाई म्हण, बंद कर म्हण. काय बी परत आलं न्हाई. तवा तुझं न ऐकता दिलप्याला फोन लावला. दिलप्या फोन उचलून बोलला तरी."

शुक्रवारी सकाळी मी स्क्रीन दोन भागांत वाटला. डावीकडे कार्यालयीन आदेश, उजवीकडे पट्टीची फाईल. मागे मॅडम सांगत उभ्या. डावीकडे मी टाईप केलं की दिनांक अमुक रोजी उंच टाकीची स्वच्छता व ओव्हरफ्लो चाचणी यशस्वीरीत्या पार पडली. उजवीकडे टाईप केलं की चारच्या खाली हिरवा, नऊच्या वर लाल, आणि लुकलुकणं रद्द. डावीकडे पदनाम आलं. मॅडमनी दोन मिनिटं विचार करून ते तयार केलं होतं: जलपातळी नोंद सहायक. महाराष्ट्रात हे पद कुठे आहे का मला माहीत नाही. करडखोपमध्ये होतं. उजवीकडे मी टिचकीची सोय बदलली. आता आकड्यावर टिचकी मारली की पंपाला मेसेज जायचा नाही. तात्यांना जायचा: 'पोचला'.

मग यादी उघडली. सातवी ओळ, शेवटचा रकाना. मॅडम म्हणाल्या, तुम्ही लिहा. मी लिहिलं: टाकीत पाणी किती आहे ते सांगणे.

मॅडमनी वाचलं. "एवढंच?"

"मॅडम, काल आपण तिघं बघत उभे होतो. कुणाला सांगता आलं?"

त्यांनी रकाना तसाच ठेवला. फक्त 'सांगणे'च्या जागी 'अवगत करणे' केलं.

तात्यांना त्या वर्षी नेमणुकीचा आदेश मिळाला, पुढच्या वर्षी मिळाला, आणि अठ्ठावन्न पूर्ण होईपर्यंत दरवर्षी मिळत गेला. मी दोन वर्षांनी पुण्यात नोकरीला लागलो. आता माझ्याकडे मोठा स्क्रीन आहे, खिडक्या अजून भावकीसारख्या वाटून घेतात, आणि वर तीच पट्टी. करडखोपला नवीन टाकी झाली आहे, तिला सेन्सर आहे. सेन्सर बहुतेक वेळा एक आडवी रेघ दाखवतो.

तात्यांना निवृत्त होऊन तीन वर्षं झाली. निवृत्त झाल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला माझ्या फोनवर मेसेज आला, आणि फोनमधून वरच्या पट्टीवर: ३. मी विचारलं नाही कशाचा. टिचकी मारली: पोचला. तेव्हापासून रोज दहाला येतो. बहुतेक तीन, कधी चार. गेल्या वर्षी मावशींचं, म्हणजे तात्यांच्या बायकोचं, ऑपरेशन झालं त्या आठवड्यात नऊ, मग अकरा, अकरा, पुन्हा अकरा. मी रजा टाकून जाऊन आलो. मग आठ. मग पाच. माझ्या शेजारी बसणारी मुलगी परवा म्हणाली, तुझ्या स्क्रीनवर ते 'तात्या: १' असं येतंय, फारच कमी झालंय का काही? मी म्हणालो, नाही, काठोकाठ आहे.

त्यावरून सुचलं, म्हणून रीतसर अर्ज करत आहे.

प्रति, मा. तहसीलदार साहेब. विषय: जागा नावावर करून मिळणेबाबत. महोदय, वरील विषयास अनुसरून विनंती करतो की माझ्या स्क्रीनच्या उत्तर कडेची, लांबी एक हजार नऊशे वीस व रुंदी चोवीस पिक्सेल इतकी जागा गेली तीन वर्षे श्री. सर्जेराव दौलू खोत, सेवानिवृत्त जलपातळी नोंद सहायक, यांच्या प्रत्यक्ष ताब्यात व वहिवाटीत असून, दररोज सकाळी दहा वाजता त्यांचेकडून सदर जागेत नोंद घेतली जाते. याबाबत कोणाचीही हरकत नाही. सबब सदर जागा त्यांच्या नावे सातबारावर लावून उताऱ्याची एक नक्कल अर्जदारास मिळावी, ही नम्र विनंती. पीक पाहणीच्या रकान्यात आजचा आकडा लिहावा. आज एक आहे.